दोन जिवांचा शब्द

अनुवादात माझ्या हातून पुष्कळ चुका झाल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच छापूनही आल्या आणि कुणाच्या लक्षात आल्या नाहीत. एक चूक मात्र छापण्याआधीच पकडली गेली, आणि तीच आजवर माझा पिच्छा सोडत नाही.

१९९० च्या आसपास मी हैदराबादला राहत होते. महाराष्ट्रातल्या एका महिला संस्थेने खेड्यापाड्यांतल्या स्त्रियांसाठी कायद्याची ओळख करून देणारी छोटी पुस्तिका काढायचे ठरवले होते. इंग्रजी मजकूर तयार होता. तो मराठीत आणायचे काम टपालाने माझ्याकडे आले. लग्न, पोटगी, वारसा ही पाने सरळ झाली. शेवटी गर्भपाताचे पान होते आणि त्यात भारतीय दंड संहितेच्या कलम ३१२ चा सारांश दिला होता. स्त्रीचा जीव वाचवण्याच्या प्रामाणिक हेतूशिवाय गर्भपात घडवून आणला तर तीन वर्षांपर्यंत कैद. आणि ती स्त्री ‘क्विक विथ चाइल्ड’ असेल तर सात वर्षांपर्यंत. स्वतःचा गर्भपात स्वतः करून घेणारी स्त्रीही या कलमात येते, असा खुलासा खाली होता.

क्विक म्हणजे लवकर, हे मला शाळेपासून पाठ होते. मी लिहिले, ‘गर्भधारणा होऊन थोडेच दिवस झाले असतील तर सात वर्षांपर्यंत कैद.’ वाक्य सुबक झाले होते. मी पान उलटले.

संस्थेत प्रुफे वाचायला एक निवृत्त परिचारिका येत. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. तालुक्याच्या दवाखान्यात बाळंतपणे करण्यात त्यांची उभी हयात गेली होती. एका संध्याकाळी त्यांचा फोन आला.

“अगं, नुकते दिवस राहिलेल्या बाईला सात वर्षं आणि पाचव्या-सहाव्या महिन्यातल्या बाईला तीन? असा कसा कायदा?”

“मूळ इंग्रजीत तसंच आहे, सिस्टर.”

“मग इंग्रजी पुन्हा बघ. ही ओळ वाचून एखादी बाई मुद्दाम थांबून राहील. उशीर केला तर शिक्षा कमी, असं समजेल ती. उशिरा केलेल्या गर्भपातात बाया जातात, बाई. मी पाहिल्यात.”

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात जाऊन मोठा इंग्रजी कोश काढला. क्विक या नोंदीत ‘लवकर’ हा अर्थ बराच खाली होता. सगळ्यांत वर, सगळ्यांत जुना अर्थ होता: जिवंत. ‘क्विक विथ चाइल्ड’ म्हणजे जिच्या पोटातले मूल जिवंत असल्याचे कळू लागले आहे, म्हणजे हलू लागले आहे, अशी स्त्री. मी कायदा बरोबर उलटा केला होता. घरी माझी चार वर्षांची मुलगी होती. ती पोटात पहिल्यांदा हलली तो दिवस, ती वेळ, मी बसले होते ती खुर्ची, सगळे मला आठवत होते. पण त्या अनुभवाला इंग्रजीत हा शब्द आहे, हे ठाऊक नव्हते.

तेव्हापासून हा शब्द दिसला की मी थांबते. विज्ञान, कायदा आणि रोजचे घर अशा तिन्ही ठिकाणी तो वावरला. तिन्ही ठिकाणी त्याचा मूळ अर्थ हळूहळू पुसत गेला आणि एका ठिकाणी, तेही आपल्या देशात, तो अजून शिल्लक आहे.

*

जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘क्विक’ असाच उच्चारला जाई आणि त्याचा अर्थ होता सजीव, जीव असलेला. भाषांच्या कुळात मागे गेले तर तो आपल्या ‘जीव’ या शब्दाचा सख्खा चुलतभाऊ निघतो. लॅटिनचा ‘विवुस’, ग्रीकमधला ‘बिओस’, संस्कृतचा ‘जीव’ आणि इंग्रजीचा ‘क्विक’ ही एकाच मुळाची लेकरे. ऐकताना पटत नाही. पण संस्कृतात ज्या मुळातून ‘जनि’, म्हणजे स्त्री, पत्नी, आला, त्याच मुळातून इंग्रजीचा ‘क्वीन’ आला आहे, हे शेजारी ठेवले की ज आणि क्व यांचे नाते दिसू लागते. आपण ‘जीव’ म्हणतो आणि इंग्रज ‘क्विक’ म्हणत असे. हजारो वर्षांपूर्वी दोघांच्या पूर्वजांच्या तोंडात एकच शब्द होता.

जिवंत वस्तू हलते, म्हणून ‘जिवंत’वरून ‘चपळ’ आणि ‘चपळ’वरून ‘वेगवान’ हा प्रवास झाला. साधारण तेराव्या-चौदाव्या शतकापासून वेगाचा अर्थ रुळू लागला. पुढची काही शतके दोन्ही अर्थ एका घरात राहिले. शेक्सपिअरला त्याचा खेळ फार आवडे. ‘हॅम्लेट’मध्ये थडगे खणणाऱ्याशी बोलताना राजपुत्र क्विक म्हणतो तो जिवंत या अर्थी, आणि थडगेवाला तोच शब्द उचलून चपळ या अर्थाने त्याच्यावर उलटवतो. ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ या सुखात्मिकेत एका खेडवळ मुलीबद्दल भर सभेत सांगितले जाते की ती क्विक आहे, आणि प्रेक्षकांना ती गरोदर असल्याचे ताबडतोब कळते. आजच्या प्रेक्षकाला ते तळटीप वाचून कळते.

ख्रिस्ती प्रार्थनेत जिवंतांचा आणि मृतांचा न्याय होईल असे म्हणताना जुन्या इंग्रजीत जिवंतांसाठी हाच शब्द आहे. रस्त्यावर मोटारी आल्या तेव्हा त्यावरून एक विनोद निघाला की पादचारी दोनच प्रकारचे असतात, एक चपळ आणि दुसरे मेलेले. विनोद चांगला आहे. पण तो सुचायला आणि कळायला मूळ अर्थ विस्मरणाच्या वाटेवर असावा लागतो.

*

जो शब्द स्वतंत्रपणे मरतो तो जोडशब्दांत जगतो. क्विकचे तसेच झाले.

पाऱ्याला इंग्रजीत ‘क्विकसिल्व्हर’ म्हणतात. शाळेत मला वाटायचे, चटकन घरंगळणारी चांदी. मूळ अर्थ जिवंत चांदी. लॅटिनमध्ये तिला ‘आर्जेंटुम विवुम’ म्हणत आणि इंग्रजीने तो शब्द जसाच्या तसा आपल्या भाषेत उतरवून घेतला. सगळे धातू घट्ट, निपचित. हा एकच वाहणारा, थेंबाथेंबांत फुटणारा, पुन्हा जुळणारा. तो जिवंत असला पाहिजे, असे वाटणे साहजिक होते. युरोपातले औषधे बनवणारे पारा चरबीत घोटून त्याचे मणी दिसेनासे करत आणि त्याला ‘पारा मारणे’ म्हणत. आपल्या रसशास्त्रातही धातूंचे ‘मारण’ होते, आणि पाऱ्याच्या अवस्था मूर्च्छित, बद्ध, मृत अशाच सांगितल्या जातात. दोन्ही परंपरांनी त्याला आधी जीव दिला आणि मग औषधासाठी मारला. १७५९ च्या डिसेंबरात सेंट पीटर्सबर्गच्या कडाक्याच्या थंडीत ब्राउन या शास्त्रज्ञाने पारा गोठवून दाखवला. गोठलेला पारा हातोडीने ठोकता येत होता. उणे ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास तो इतर धातूंसारखाच घन होतो, हे आज कुणीही सांगेल. त्या दिवशी जिवंत चांदीचा जीव विज्ञानापुरता गेला. नाव राहिले.

चुन्याची गोष्ट अशीच. चुनखडी भट्टीत भाजली की इंग्रजीत तो ‘क्विकलाइम’ होतो, जिवंत चुना. आपण त्याला चुन्याची कळी किंवा चुनकळी म्हणतो. त्यावर पाणी टाकले की तो फुसफुसतो, तापतो, फुलतो आणि विरतो. इंग्रजीत विरवलेल्या चुन्याला तहान भागवलेला चुना म्हणतात. म्हणजे जिवंत होता, तहानलेला होता, पाणी पिऊन शांत झाला. भट्टीतला अग्नी चुन्यात शिरून बसतो आणि पाणी पडताच बाहेर येतो, म्हणून चुना दाहक असतो, असे अनेकांना वाटत असे. १७५६ मध्ये स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने तराजू घेऊन उलटेच दाखवले. भाजताना चुनखडीत काही शिरत नाही, तिच्यातून काही निघून जाते. त्याचे वजन घटते, आणि निघून जातो तो एक वायू. त्याने त्याला ‘बद्ध वायू’ म्हटले. आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो. आधुनिक रसायनशास्त्राच्या पायाभरणीतला हा एक मोठा प्रयोग, आणि त्याच्या प्रबंधाच्या शीर्षकात हा जिवंत चुना आहे.

वाळूतही हा शब्द आहे. पायाखाली सरकणाऱ्या, माणसाला गिळणाऱ्या वाळूला इंग्रजीत जिवंत वाळू म्हणतात. आपण तिला चोरवाळू म्हणतो. इंग्रजाला तिच्यात जीव दिसला, आपल्याला तिचा डाव.

*

घरातल्या आणि शेतातल्या वापरात तर मला मराठीच ऐकू येते.

नख फार खोल कापले की जिथे कळ येते त्या कोवळ्या मासाला इंग्रजीत ‘क्विक’ म्हणतात. आपण त्याला जिव्हाळी म्हणतो. वर्मी लागलेल्या बोलण्याला इंग्रज ‘क्विकपर्यंत कापले’ म्हणतो, आपण जिव्हारी लागले म्हणतो. मृत नख आणि जिवंत मांस यांच्या सीमेवर दोन्ही भाषांनी एकच खूण ठोकली आहे, आणि दोघींपैकी कुणीही दुसरीकडून ती उसनी घेतलेली नाही.

जुन्या इंग्रजी मृत्युपत्रांत ‘क्विक’ आणि ‘डेड’ अशी मालमत्तेची वाटणी असे. डेड म्हणजे भांडीकुंडी, अवजारे. क्विक म्हणजे गुरेढोरे. आपल्या शेतकऱ्याचा ‘जित्राब’ हा शब्द इथे बरोबर बसतो. बायकोला ‘क्विक’ मालातला अर्धा वाटा, हे वाक्य आज कुणी ‘चटकन विकला जाणारा माल’ असे वाचले, तर त्या विधवेच्या गायी कागदावरच चोरीला जातील.

कुंपणाचेही तसेच. काट्याकुट्या रचून केलेले ते मेलेले कुंपण आणि रोपे लावून वाढवलेले ते ‘क्विकसेट’, जिवंत कुंपण. कोकणात वई घालताना हा भेद प्रत्येकाला माहीत असतो. हिंदुस्थानात या भेदाने साम्राज्याची तिजोरी सांभाळली. मिठावरचा कर चुकवून मीठ नेले जाऊ नये म्हणून ब्रिटिशांनी देशाच्या मध्यातून एक जकातरेषा आखली आणि तिच्यावर शेकडो मैल काटेरी कुंपण उभारले. जिथे झाड जगत नसे तिथे सुके कुंपण, जिथे जगे तिथे हिरवे. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम १८६७ पासून काही वर्षे या खात्याचे प्रमुख होते, आणि सुक्या कुंपणाच्या जागी हिरवे वाढवण्याचा त्यांनी ध्यास घेतला. वाळवी लागते, वणवा लागतो, वारा उडवतो. मेलेले कुंपण दरवर्षी नवे करावे लागते, जिवंत स्वतःच वाढते. १८७९ मध्ये ती रेषा सोडून दिली गेली आणि कुंपण रानात मिसळले.

आजची इंग्रजी यातल्या बऱ्याच ठिकाणी ‘लाइव्ह’ म्हणते. तार लाइव्ह असते, काडतूस लाइव्ह असते. मराठीत मात्र जिवंत हा एकच शब्द काडतुसाला, झऱ्याला, तारेला आणि माणसाला पुरतो. क्विकची जागा दुसऱ्याने घेतली आणि त्याच्याकडे फक्त वेग उरला.

*

आता कायद्याकडे येते, कारण सिस्टरांचा फोन तिथून आला होता.

तेराव्या शतकातल्या ब्रॅक्टन या न्यायपंडितापासून इंग्लंडच्या कायद्यात गर्भाच्या ‘सजीव’ होण्याला महत्त्व आहे. त्यामागे अ‍ॅरिस्टॉटलपासून आलेली समजूत होती, की गर्भात जीव पहिल्या दिवशी नसतो, तो पुढे येतो. मुलगा असेल तर सुमारे चाळीसाव्या दिवशी आणि मुलगी असेल तर नव्वदाव्या दिवशी पहिली हालचाल होते, असे त्याच्या ग्रंथात आहे. आकडे चुकीचे होते. पण चळवळ हीच जिवाची खूण, ही कल्पना टिकली. अठराव्या शतकात ब्लॅकस्टनने इंग्लिश कायद्याचे जे विवेचन लिहिले त्यातही कायद्याच्या दृष्टीने जीव सुरू होतो तो मूल आईच्या पोटात हलू लागल्यापासून, असे मांडले आहे.

याला इंग्रजीत ‘क्विकनिंग’ म्हणतात. साधारण सोळाव्या ते विसाव्या आठवड्यात ही हालचाल जाणवते. पहिलटकरणीला जरा उशिरा. फुलपाखरू फडफडल्यासारखे, बुडबुडा फुटल्यासारखे, असे बायका सांगतात. आपल्याकडे सुश्रुताने चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते असे म्हटले. तेव्हा आई दोन हृदयांची होते, म्हणून तिची इच्छा ती दोघांची इच्छा. आपले ‘डोहाळे’ याच कल्पनेशी जोडले जातात. आणि साध्या मराठीत आपण म्हणतोच, बाई दोन जिवांची आहे. ‘क्विक विथ चाइल्ड’ला इतका जवळचा शब्दप्रयोग मला दुसऱ्या भाषेत सापडलेला नाही. मी कोशात शोधत होते तो आजीच्या तोंडी होता.

या शब्दावर जीव अवलंबून असे, हे अक्षरशः खरे आहे. इंग्लंडात फाशीची शिक्षा झालेली स्त्री आपण गरोदर असल्याचे सांगू शकत असे. मग न्यायालय बारा स्त्रियांचे पंचमंडळ बसवी. त्या तिला बाजूला नेऊन तपासत आणि ती ‘क्विक विथ चाइल्ड’ आहे की नाही ते सांगत. नुसती गरोदर असून भागत नसे. मूल हललेले हवे. तसे असेल तर बाळंतपणापर्यंत फाशी थांबे. १७२० मध्ये जमैकात समुद्री चाचेगिरीसाठी अ‍ॅन बॉनी आणि मेरी रीड यांना फाशी सुनावली गेली, तेव्हा दोघींनी हाच अर्ज केला आणि दोघींची फाशी थांबली. मेरी रीड पुढच्या वर्षी तुरुंगातच वारली. १८७९ मध्ये लंडनला केट वेब्स्टर हिने आपल्या मालकिणीच्या खुनासाठी शिक्षा झाल्यावर असाच दावा केला. न्यायालयात हजर असलेल्या स्त्रियांतूनच पंच निवडले गेले. त्यांनी ती तशी नसल्याचे सांगितले, आणि तिला फाशी झाली. १९१९ पर्यंत इंग्लंडातल्या स्त्रियांना इतर कुठल्याही खटल्यात पंच म्हणून बसता येत नव्हते. एवढ्या एकाच प्रश्नापुरते न्यायालय त्यांच्याकडे वळत असे.

वकिलांनी शब्दाचा कीस काढणे आलेच. १८३८ मध्ये बॅरन गर्नी या न्यायाधीशाने सांगितले की ‘क्विक विथ चाइल्ड’ म्हणजे नुसती गर्भधारणा झालेली आणि ‘विथ क्विक चाइल्ड’ म्हणजे जिचे मूल हलू लागले आहे ती. विशेषण बाईला लावायचे की बाळाला, यावर अर्थ फिरत होता. त्या वेळी शब्दाचा जुना अर्थ बोलण्यातून जाऊ लागला होता, आणि न्यायाधीशांनाही तो शब्दांच्या क्रमातून शोधावा लागत होता.

*

आता काळाचा हिशेब पाहा. १८०३ मध्ये इंग्लंडने गर्भपाताविरुद्ध पहिला लिखित कायदा केला. मूल हलू लागल्यानंतर विष देऊन गर्भ पाडला तर फाशी, त्याआधी असेल तर कमी शिक्षा. १८३७ मध्ये, व्हिक्टोरिया राणी गादीवर आली त्याच वर्षी, तो भेद इंग्लंडने काढून टाकला. मूल हलले की नाही, हा प्रश्न तिथल्या गर्भपाताच्या कायद्यातून गेला. डॉक्टर तेव्हा आग्रहाने सांगू लागले होते की हालचाल जाणवणे म्हणजे जीव सुरू होणे नव्हे, तो आधीपासून असतो. त्याच सुमारास पोटाला नळी लावून बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकता येऊ लागले होते. फ्रेंच वैद्य केर्गरादेक याने १८२१ मध्ये त्याविषयी पॅरिसच्या वैद्यक अकादमीपुढे निबंध वाचला.

वैद्यकाच्या बाजूने हे बरोबरच होते. पण जाता जाता एक गोष्ट बदलली. मूल हलले की नाही हे जगात एकाच व्यक्तीला प्रथम कळत असे. जुन्या कायद्याला तिचे ऐकावे लागे. ती म्हणाली नाही तोवर कायद्याच्या दृष्टीने काही घडलेलेच नसे. नळी आली, मग आठवडे आले, मग पडद्यावरची छाया आली, आणि साक्षीदार बदलला.

इंग्लंडने १८३७ मध्ये टाकलेला शब्द हिंदुस्थानच्या दंड संहितेत १८६० मध्ये आला. १ जानेवारी १८६२ पासून ती अमलात आली. कलम ३१२ मध्ये ‘क्विक विथ चाइल्ड’ आणि कलम ३१६ मध्ये ‘क्विक अनबॉर्न चाइल्ड’ असा तो दोनदा बसला. १८८६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे एका महिन्याच्या गर्भाचा खटला आला. खालच्या न्यायालयाला वाटले, एवढ्या लवकर ‘चाइल्ड’ कुठे असते? उच्च न्यायालय म्हणाले, नुसत्या ‘विथ चाइल्ड’ला गर्भधारणा पुरेशी आहे. क्विक हा त्याच्या पुढचा टप्पा, हालचाल जाणवण्याचा, असाच अर्थ भारतीय न्यायालयांनी पुढे धरला.

हिंदी पाठात काय केले आहे ते पाहण्यासारखे आहे. कलम ३१२ मध्ये स्त्रीला ‘स्पन्दनगर्भा’ म्हटले आहे आणि कलम ३१६ मध्ये बाळाला ‘सजीव अजात शिशु’. इंग्रजीच्या एका शब्दातले दोन अर्थ, हलणे आणि जगणे, अनुवादकाने सोडवून दोन ठिकाणी ठेवले. मी केली तशी चूक त्याने केली नाही. ‘स्पन्दनगर्भा’ कुणा बाईला कळेल का, हा वेगळा प्रश्न.

१९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा आला. तो आठवड्यांत बोलतो. आधी वीस आठवड्यांची मर्यादा होती, २०२१ पासून काही स्त्रियांसाठी ती चोवीस झाली. तो कायदा त्या कलमाला अपवाद आहे, कलम मात्र तसेच राहिले. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. राजद्रोहाचे जुने कलम त्या शब्दांत राहिले नाही, क्रमांक बदलले, पुष्कळ काही नवे झाले. मी घाईने गर्भपाताचे कलम काढून पाहिले. आता ते ८८ आहे, आणि ‘क्विक विथ चाइल्ड’ जिथल्या तिथे आहे. कलम ९२ मध्ये दुसरा क्विकही आहे. एकाच देशात एक कायदा आठवडे मोजतो आणि दुसरा अजून पोटातली पहिली हालचाल विचारतो.

अमेरिकेतही या शब्दाने अलीकडे पुन्हा डोके वर काढले. १९७३ मध्ये गर्भपाताचा हक्क मान्य करताना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जुन्या इंग्लिश कायद्यात हालचालीपूर्वीचा गर्भपात गुन्हा नव्हता, या इतिहासाचा आधार घेतला. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने तो निकाल फिरवला, तेव्हा त्याच इतिहासाचे वेगळे वाचन केले. ब्रॅक्टन आणि ब्लॅकस्टन दोन्ही वेळा साक्षीला उभे होते. आज लाखो स्त्रियांना काय करता येईल, हे काही प्रमाणात तेराव्या शतकातला एक शब्द कसा वाचायचा यावर ठरले.

*

जुना शब्द अनोळखी दिसला तर आपण कोश उघडतो. तो ओळखीचा दिसला तर उघडत नाही, आणि फसवतो तो हाच. क्विक मला अडला असता तर मी चुकले नसते. सिस्टरांना इंग्रजी बेताचेच येत होते, त्या शब्दापाशी अडल्याच नाहीत. त्या अर्थापाशी अडल्या. बाईच्या शरीरात काय घडते आणि घाबरलेली बाई काय करते, हे त्यांना ठाऊक होते, आणि त्या ज्ञानाशी माझे वाक्य जुळेना.

पुस्तिकेत शेवटी मी लिहिले, ‘पोटातले बाळ हललेले आईला कळू लागले असेल तर सात वर्षांपर्यंत.’ त्याखाली, कायद्याने परवानगी दिलेला गर्भपात सरकारमान्य दवाखान्यात लवकरात लवकर करून घ्यावा, अशी ओळ सिस्टरांनी स्वतः घातली. मूळ इंग्रजीत ती नव्हती.

प्रत हातात आल्यावर मी त्यांना फोन केला आणि जिवंत चांदी, जिवंत चुना, जिव्हाळी असे सगळे एका दमात सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

“म्हणजे दोन जिवांची,” त्या म्हणाल्या. “मग तसंच लिहायचं होतं की.”